एका दिवसाचे दहा जोड

मोर्शी
२१ एप्रिल

प्रणाली,

पत्र पाहून घाबरू नको. घरी सगळे ठीक हाय.

फोन केला असता, पण मागच्या साली म्याच तुले म्हणलं होतं, का आजपासून या घरात तुया फोन वाजला नाही पाह्यजे. आता म्याच पहिले लावला तर बोलाचं काय, ते सुचत नाही. पत्रात बरं असते. थांबून थांबून लिहिता येते.

काम असं हाय. अमरावतीहून मोर्शीकडं येतांनी रोडवर एक मोठा पार्क झाला. पाण्याच्या घसरगुंड्या, लेकरायची आगगाडी, सिमेंटचे हत्ती अन् डायनासोर, सगळं एका कंपाउंडात हाय. माया भाऊ जानराव त्याच्या नातवायले घेऊन गेलता. आता रोज सकाळी येऊन मले मोबाइलवर फोटो दाखवते. हा पाय झुला, हा पाय धबधबा. पाहून पाहून मायं डोस्कं उठलं.

रागिणी अन् गोपालले पाह्यल्याले चवदा महिने झाले. सुट्ट्या लागल्या असतीन. १६ मेले शुक्रवार हाय. त्या दिवशी मी अकोल्याले येतो, दोघायले मोर्शीले आणतो, शनिवारी पार्क दाखवतो. रविवारी पोहचवून देतो. तू नाही म्हणू शकते, तुया हक्क हाय. पण म्हणू नको.

आता एक विचाराचं हाय. लेकरायले अशा जागी नेतांनी थैलीत काय काय भरा लागते, ते लिहून पाठव. तुयी सासू टोंगळ्याच्या दुखण्यानं बेजार हाय, तिच्यानं उठनं-बसनं होत नाही. म्या जन्मात संत्र्याच्या पेट्या भरल्या, ट्रका भरल्या, पण लेकरायची थैली कवा भरली नाही. अमोल लहान होता तवा त्याची माय जमुना थैली घेऊन मांगं अन् मी हात हालवत पुढं.

गोपाल अजून अंथरुणात मुतते का? रागिणीले बस लागायची, अजून लागते का? दूध बाटलीनं पेते का गिलासानं? पाण्याले कोन भेते, कोन नाही भेत? आबाले हे ठाऊक असाले पाह्यजे होतं. नाही ठाऊक. म्हणून विचारून राहिलो.

तू ज्याच्यासंग दुसरं लगीन लावलं, त्या माणसाले विचारायची गरज असन तर विचार.

पंजाबराव


मोर्शी
२ मे

प्रणाली,

तुयं पत्र बुधवारी भेटलं. रागिणीच्या वहीचं पान फाडून लिहलं ना? वरतं कोपऱ्यात तिनं मांजर काढली हाय. पोस्टमननं पत्र हातात देतांनी विचारलं, कोनाचं हो आबाजी. म्या म्हणलं, घरचं.

यादी वाचली. तीनदा वाचली. बरंच मले माहीत नव्हतं. सुती कपड्यानं पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचेच लागतात, हे तर मले अजबच वाटलं. आमी जन्मभर विहिरीत सुती चड्डीवर पोहलो. कोनी मेलं नाही. पण ठीक हाय, त्यायचा कायदा.

मंग सुक्या चड्ड्या वेगळ्या प्लास्टिकच्या पन्नीत, ओल्यासाठी दुसरी पन्नी. टावेल दोन. ओआरएसच्या पुड्या. उन्हात लावाची क्रीम. डोक्याले बांधाले दुपट्टे. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, हे मले माहीत होतं. रागिणीले आता बस लागत नाही, गोपालले लागते, त्याच्यासाठी पन्नी बाहेरच्याच कप्प्यात, आतमधी नाही. तू दोन रेघा मारल्या त्याच्याखाली. गोपाल गिलासानं पेते, पण निळ्या झाकणाची बाटली दिसल्याबिगर पेत नाही. भोंग्याच्या आवाजाले भेते, कानात घालाले कापूस. हे सगळं म्या माया डायरीत उतरून घेतलं. औषधाच्या फवारणीच्या तारखा लिहितो ना, तिच्यातच.

काल अमरावतीले गेलतो ते नायलॉनचे कपडे घ्याले. दुकानदारानं विचारलं, पोरगी केवढी? म्या म्हणलं, सात पुरे झाले, अन् हात करून दाखवला, एवढी. तो म्हणे, काका, सात-आठ वर्षाची पोरगी एवढीशी कशी असन? तवा समजलं, म्या हात दाखवला तो चवदा महिन्यांआधीचा होता. काही न घेता परत आलो. दोघायचं माप पाठव.

तू लिहलं का गोपाल त्या माणसाले बाबा म्हणते. रागिणी काका म्हणते. लपवलं नाही ते बरं केलं. गोपाल सहा महिन्यांचा असतांनी अमोलची गाडी ट्रकखाली गेली, त्याले कोनता बाप आठवणार? ज्याच्या हातून खाते, त्याले बाबा म्हणन. म्या वाचलं अन् पत्र घडी करून कपाटात ठेवलं. संध्याकाळी पुन्हा काढलं.

अजून एक. कपडे जरा जास्तच देजो. दोघायचे दहा-दहा जोड. पाण्याचं काम हाय, लेकरं घडीघडी ओले होतीन. अन् दोघायचं आधार कार्ड अन् जन्माचा दाखला दे. खरा दे, झेरॉक्स चालत नाही म्हणे. तिकिटाले वयाचं काही तरी लागते. लसीचं कार्डबी असू दे.

पंजाबराव


मोर्शी
११ मे

प्रणाली,

पाकिटातून दोन दोरे निघाले. पहिले मले वाटलं राख्या हायेत का काय. मंग तुयी चिठ्ठी वाचली. एक गाठ म्हणजे गोपाल, दोन गाठी म्हणजे रागिणी, खांद्यापासून टोंगळ्यापर्यंत. दोरे घेऊन दुकानात गेलो. दुकानदार हासला, पण कपडे बरोबर निघाले. गोपालचे पिवळे, रागिणीचे जांभळे. रागिणीचा दोरा खाटेवर लांब करून पाह्यला. भल्ली वाढली पोरगी.

आता तुले एक सांगतो, हासू नको. परवा मी एकटाच पार्कात जाऊन आलो. म्हणलं, लेकरं घेऊन जाऊ अन् तिथं गेल्यावर समजन का पाणी खोल हाय, तर काय फायदा? तिकीट काढलं. गेटवर थैल्या तपासणारी एक बाई असते, माणिकबाई. बाजूच्याच गावची. तिनं मायी थैली उघडली तर तिच्यात दोन दोरे, डायरी अन् एक कांदा. तिनं विचारलं, आबाजी, लेकरं कुठी हायेत? म्या म्हणलं, येतीन पुढच्या हप्त्यात. ती बिचारी माया संग आतमधी आली. पायऱ्यावर शेवाळ कुठी हाय, उथळ पाणी कोनतं, लॉकर कुठी, बायायची कपडे बदलाची खोली कुठी, सगळं दाखवलं. अन् म्हणे, दोघायच्या गळ्यात फोन नंबरची चिठ्ठी बांधा, पन्नीत घालून. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. म्या म्हणलं, दशम्या? ती म्हणे, दशम्याबी खाण्यातच येतात. पण तिनं हेबी सांगतलं का टावेलच्या खाली मी हात घालत नाही.

मंग मी आगगाडीत बसलो. एकटाच. गाडीवाल्या पोट्ट्यानं दोन चकरा मारल्या, पैसे एकाचेच घेतले.

त्या गाडीत बसून मले अमोल आठवला. तो आठ वर्षाचा असतांनी अमरावतीले सर्कस आलती. त्यानं लय धोशा लावला. मिरगाच्या बहाराच्या संत्र्याचा तोडा सुरू होता, मी म्हणलं पुढच्या साली नेतो. पुढच्या साली सर्कस आली नाही. त्यानं मले पुन्हा कवा म्हणलं नाही. मनात ठेवलं का इसरला, ते मले कवाच कळलं नाही.

थैली म्या आतापर्यंत चारदा भरली अन् चारदा काढली. पहिल्यांदा टावेल खाली गेले. दुसऱ्यांदा कांदा अन् क्रीम एकाच कप्प्यात गेले. आता बरोबर जमली असं वाटते.

जमुना हात लावून नाही राहिली. टोंगळ्याचं म्या उगाच लिहलं होतं, टोंगळे तसे ठीक हायेत. ती रागावली हाय. काहून रागावली ते मले माहीत हाय, पण ते आता लिहित नाही.

शुक्रवारी बारा वाजता अकोला स्टॅन्डवर ये. अमरावतीची गाडी लागते तिथं उभा राहीन. पांढरी टोपी घालून येतो. गोपालनं ओळखलं नाही तर त्याले सांगजो, हे आबा हायेत म्हणून.

पंजाबराव


मोर्शी
१९ मे, सोमवार

प्रणाली,

हे पत्र जमुना घेऊन येऊन राहिली. तिच्यासंग तुयी मोठी बॅग हाय. पहिले पत्र वाच.

म्या तुले खोटं सांगतलं. पार्काच्या तिकिटाले आधार लागत नाही, दाखला लागत नाही. एका दिवसाले दहा जोडबी लागत नाहीत. जानरावनं मले सांगतलं होतं का एकदा लेकरं घरी आली का परत पाठवूच नको. कोर्टात गेली तर जाऊ दे, तारखावर तारखा पडतीन, तोवर पोरं मोर्शीत रुळतीन, मंग तेच म्हणतीन आमाले इथंच राह्याचं. त्याच्यावर ढकलून नाही राहिलो. सांगतलं त्यानं, पण ऐकलं म्या. इथल्या शाळेचे दोन फारम आणून कपाटात ठेवले होते. सोमवारी भराचे होते. आज सोमवार हाय.

पार्क हे निमित्त होतं. निदान पहिले होतं. मंग थैली भरता भरता, दोरे मोजता मोजता, मी काहून भरून राहिलो ते मलेच कळेनासं झालं. पण ठरवलेलं म्या बदललं नव्हतं.

जमुनाले हे सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं साफ सांगतलं होतं का थैली तुमीच भरा, या कामाले मी हात लावत नाही.

शुक्रवारी स्टॅन्डवर तू येशील असं वाटलं होतं. गजेंद्र आला. म्या त्याले कवा पाह्यलं नव्हतं. मनात त्याचं एक चित्र धरलं होतं, उंचापुरा, टेचात राह्यणारा. आला तर हा बुटकासा माणूस, चष्मा, कृषी विद्यापीठाच्या प्लॉटवर उन्हात काम करून मान काळी झालेली, पाठीवर गोपाल अन् खांद्यावर बॅग. पाया पडाले वाकला नाही ते बरं केलं. वाकला असता तर म्या पाय मांगं घेतले असते. त्यानं फक्त एवढं सांगतलं, का गोपालले खिडकीजवळ बसवा अन् मूर्तिजापूर आलं का पन्नी हातात ठेवा. मंग बस सुटेपर्यंत खिडकीखाली उन्हात उभा राह्यला. मूर्तिजापूरले गोपालनं ओकारी केली. पन्नी बाहेरच्या कप्प्यात होती.

घरी आल्यावर लेकरं जेवले, जमुनाच्या दोन बाजूले झोपले. मंग म्या तुयी बॅग उघडली.

दहा जोड रागिणीचे, दहा गोपालचे, मोजून. घड्या घातलेल्या, चड्ड्या वेगळ्या. खाली प्लास्टिकची फाईल, तिच्यात आधार, दाखले, लसीचं कार्ड, सगळं खरं. अन् एका कोपऱ्यात माया बीपीच्या गोळ्यायची पट्टी, एक नायलॉनची हाफपँट अन् बनियन. ती लेकराची नव्हती. म्या दोघायची थैली चारदा भरली, पण लेकरू पाण्यात गेलं तर मलेबी पाण्यात जा लागन, हे माया डोक्शात आलंच नाही. तुया आलं. पँट गजेंद्रची होती, ते पाहूनच समजलं. तिच्या घडीत तुयी चिठ्ठी होती. ती माया खिशात हाय, पण इथं लिहितो, म्हणजे तुले समजन का म्या वाचली.

‘मामाजी, एका दिवसाले दहा जोड लागत नाहीत अन् घसरगुंडीवर कोनी जन्माचा दाखला पाह्यत नाही, एवढं मले समजते. तरी तुमी मांगतलं तेवढं सगळं भरलं. लेकरं तुमचीबी हायेत. जे कराल ते त्यायच्याकडं पाहून करा.’

म्या चिठ्ठी जमुनाले वाचून दाखवली. तिनं ऐकलं अन् गोपालच्या आंगावरचं पांघरूण नीट केलं. मंग हळूच बोलली, लेकरं उठू नयेत म्हणून.

‘तुमाले वाटते ती पहाटं लेकरं घेऊन पळाली. पळाली नाही. म्या तिले स्टॅन्डवर नेलं, म्या तिकीट काढलं. एकोणतीस वर्षाच्या पोरीनं जन्मभर तुमचा चहा टाकत बसावं का?’

चवदा महिने हे माया घरात होतं अन् मले माहीत नव्हतं. मले राग याले पाह्यजे होता. आला नाही. पण मी बदललोबी नाही, हे तुले खरं सांगतो. लेकरं माया घरात झोपलेले होते, अमोल झोपायचा त्याच खोलीत. ते पाहून माया लोभ अजून वाढला.

शनिवारी सकाळीच गेलो. गेटवर माणिकबाई होती. तिनं थैलीत पाह्यलं, टावेल जरा उचलला, दशम्या दिसल्या, टावेल पुन्हा झाकला. लेकरायकडं पाहून म्हणे, आले का आबाजी तुमचे पाहुणे.

पायजम्यावर मले पाण्यात उतरू दिलं नाही. शिट्टीवाला पोरगा म्हणे, काका, नायलॉन. गोपाल पाण्याच्या काठावर उभा राहून मायी वाट पाहून राहिला होता, एकटा उतरत नव्हता. मंग काय करू? घातली. कंबरेले नाडी करकचून बांधली तरी ढगळच. गोपाल पाहून लयच हासला. म्हणे, आबा, हे तं बाबाची हाय. म्या म्हणलं, होय, त्याचीच हाय.

आगगाडीत चार चकरा मारल्या. हत्तीच्या सोंडेतून पाणी पडते, त्याच्याखाली दोघं अर्धा तास उभे होते. मी पायरीवर बसून त्यायले पाहून राहिलो होतो. अमोलचे कान रागिणीले आले, ते म्या पहिले कसे पाह्यले नाहीत?

मंग लाटायच्या तलावात गेलो. कंबरेएवढं पाणी होतं, गोपाल कडेवर. लाट सुरू होण्याआधी तिथं भोंगा वाजते. माणिकबाईनं सगळं सांगतलं होतं, तेवढं राह्यलं होतं. भोंगा वाजला अन् गोपालनं माया गळा असा धरला का मले श्वास घेता येईना. वरतून लाट आली, पाय घसरला, दोघायच्या नाकातोंडात पाणी. लगेच उठलो, काही झालं नाही, तू घाबरू नको. पण तो ‘बाबा, बाबा’ करून जो रडाले लागला, तो थांबेना. म्या काठावर आणलं, पाठ चोळली, आबा हाय ना म्हणलं. तो माया छातीवर हात मारून मले दूर ढकलून राहिला होता. एवढ्या माणसायत त्याचा बाबा शोधून राहिला होता.

म्या थैली उलटी केली. टावेल, कांदा, क्रीम, सगळं बाहेर आलं, पण काय पाह्यजे तेच सुचेना. रागिणी धावत आली. तिनं बाजूच्या कप्प्यातून कापूस काढला, त्याच्या कानात घातला. निळ्या झाकणाची बाटली काढली. टावेल त्याच्या डोक्यावरून घेतला अन् त्याले मांडीवर घेऊन हालाले लागली, तू हालते तशीच. पाच मिनिटात तो चूप झाला. दहा मिनिटात झोपला.

सिमेंटच्या हत्तीच्या सावलीत आमी बसलो. म्या तिले दशमी अन् शेंगदाण्याची चटणी दिली. तिनं अर्धी दशमी खाल्ली अन् विचारलं.

‘आबा, तुमी आमाले ठेवून घेनार हाय ना?’

म्या विचारलं, कोनी सांगतलं? ती म्हणे, कोनी नाही. आईनं दहा ड्रेस भरले, पार्कात दोन लागतात. आई घड्या घालता घालता मधीच मोरीत जाऊन तोंड धुवून येत होती. मंग ती माया जवळ सरकली. गोपाल उठू नये म्हणून हळू बोलली.

‘गोपालले ठेवू नका. आईच्या पोटावर हात ठेवल्याबिगर तो झोपत नाही. कालबी झोपला नाही, उगाच डोळे मिटून होता. मी राह्यते. मी पहिलेबी इथं राह्यलेली हाय. मी रडत नाही.’

प्रणाली, सात वर्षाचं लेकरू. ते मायासंग सौदा करून राहिलं होतं. भावाले सोडवाले सोताले देऊन राहिलं होतं. अन् मले वाटत होतं का मी त्यायचा आबा हाय, मी त्यायले आपल्या घरी नेऊन राहिलो.

माया हातात ओला टावेल होता. तो पिळला. पुन्हा पिळला. त्याच्यात पाणी नव्हतं राह्यलं. मंग तिले म्हणलं, ‘आपून आजच अकोल्याले जाऊ. दोघंबी.’

तिनं आनंदानं उड्या गिड्या काही मारल्या नाहीत. माया तोंडाकडं पाह्यत राह्यली, मोठे माणसं एखाद्याच्या बोलण्याकडं पाह्यतात तशी, खरं हाय का खोटं. खरं वाटलं असन. मंग म्हणे, ‘तं मंग अजून दोनदा घसरगुंडीवर जाऊ का?’

पाचदा गेलो. गोपाल उठला, तोबी आला. शेवटच्या दोनदा त्या गजेंद्रच्या पँटीत मीबी घसरलो. पाठ अजून दुखून राहिली.

तिथूनच जमुनाले फोन केला का लेकरायले घेऊन अकोल्याले चाललो. ती म्हणे, गोपालले खिडकी द्या.

तुया दारी आलो तवा सात वाजले होते, उजेड होता. तू पोळ्या करून राहिली होती, हाताले कणीक होती. लेकरायले पाहून तू तशीच उंबरठ्यावर बसली. मले लय बोलाचं होतं, बसमधी मनात सगळं जमवलं होतं. अन् तोंडातून निंघालं एवढंच, का झोपला हाय, हळू घे. गजेंद्रनं पाणी दिलं, ते उभ्यानंच पेलो. तुमी दोघायनं बसा म्हणलं, म्या म्हणलं गाडी जाईन. खोटं बोललो. गाड्या होत्या. पण तुया घरात मी कोन म्हणून बसू, तेच मले उमजेना. ज्या पोरीले म्या म्हणलं होतं का जाते तर लेकरं ठेवून जाय, तिच्या घरी चटईवर बसून चहा पेवाची माया हिंमत झाली नाही.

ते बोललो ते चुकलं. अमोल गेला तवा मायंच गेलं असं धरून बसलो होतो. तुयं काय गेलं ते म्या तीन वर्षं एका घरात राहून पाह्यलं नाही. माफ कर असं लिहाची मले सवय नाही, तरी लिहितो. माफ कर.

बॅगेत वीसही जोड हायेत, उघडलेले फक्त चार. ते जमुनानं धुतले. कागद जसे होते तसे हायेत. शाळेचे फारम जमुनानं चुलीत घातले, मले विचारलं नाही. जानराव दोन दिवसापासून आला नाही. येईन. नाही आला तर मी जाईन, भाऊ हाय.

आता शेवटचं. मांगच्या वावराच्या धुऱ्यावरचा गावरान आंबा या साली भल्ला लागला. जूनच्या पहिल्या हप्त्यात उतरन. आपल्याकडं उन्हाळ्यात पोरीले अन् जावयाले रसाले बोलावतात. आमाले पोरगी नव्हती, त्याच्यानं हे काम मले जन्मात पडलं नाही. कसं बोलावतात म्हणून जमुनाले विचारलं. ती म्हणे, पत्रानं नाही बोलावत, घरचं माणूस पाठवून बोलावतात. म्हणून तिले पाठवून राहिलो. तिले सांगतलं हाय का पहिले गजेंद्ररावले म्हणजो, मंग पोरीले.

लेकरं तर येतीनच. तू एकटी येऊ नको.

पंजाबराव